पाचाच्या पुढचे आकडे

शाळेच्या नाटकात मला काम मिळालं नाही, यात कुणाचाच दोष नव्हता. नववीत होते. निवडीच्या दिवशी मला सगळं पाठ होतं, माझंच नव्हे तर सगळ्यांचं. पण हॉलमधल्या त्या स्टेजवर उभी राहिले आणि आवाज घशातच अडकला. मराठीच्या बाई नाटक बसवत होत्या. त्यांनी दोनदा संधी दिली आणि मग म्हणाल्या, तुझं पाठांतर चांगलं आहे, तू प्रॉम्प्टिंग कर. म्हणजे विंगेत, पडद्याआड, वही घेऊन उभं राहायचं आणि कुणी वाक्य विसरलं की पुढचे दोन शब्द हळूच सांगायचे. पडद्यामागच्या बाकीच्या मुलांना निदान बाकं उचलायची होती, पडदा ओढायचा होता. मला उचलायलाही काही नव्हतं. घरी आईला सांगितलं की फार जबाबदारीचं काम मिळालंय, आणि मोरीत नळ सोडून रडले.

मुख्य काम माझ्या मैत्रिणीला मिळालं. वर्गात दोन दिवस दुसरा विषय नव्हता, कारण ती तोतरी होती.

ती पाचवीत दिंडोरीहून आली. इंदिरानगरमध्ये आमच्या मागच्या गल्लीत त्यांनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. तिचे वडील पिकअप चालवायचे, हंगामात द्राक्षं आणि एरवी मिळेल तो माल. बाईंनी तिला माझ्या बाकावर बसवलं, आणि तेव्हापासून मी तिची वाक्यं पूर्ण करू लागले. पहिल्या अक्षरावर ती अडायची, मानेची शीर फुगायची, डोळे मिटले जायचे. मग मी सांगायचे. दुकानात, "दोनरेघी वही द्या." वर्गात, "बाई, तिला पाणी प्यायला जायचंय." ती मान हलवायची, की हो, हेच म्हणायचं होतं. कधी कधी ते हेच नसायचंही, असं आता वाटतं. पण मान हलवणं सोपं होतं. मला या गोष्टीचा भारी अभिमान. तिच्या ओठावरचा शब्द मला तिच्याआधी कळतो, असं मी सगळ्यांना सांगत सुटायचे. आमच्याकडे याला चोंबडेपणा म्हणतात. मी चार वर्षं त्याला मैत्री म्हणत होते.

स्टेजवर मात्र ती अडखळत नव्हती. हे आठवीत कळलं, बाईंनी कविता म्हणायला उभं केलं तेव्हा. पाठ केलेले, दुसऱ्या कुणाचे शब्द असले की ते तिच्या तोंडून सरळ यायचे. बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या. मी टाळ्या वाजवल्या आणि मनातून थोडी खट्टू झाले.

तिला शिक्षिका व्हायचं होतं, प्राथमिक शाळेत. वडिलांनी दहावीनंतर आयटीआयला शिवणकाम ठरवून टाकलं होतं. मशीनसमोर बसलं की बोलावं लागत नाही. माणूस वाईट नव्हता. लेकीला कुणी हसलं की त्यांचा चेहरा पडायचा, आणि तो पडू नये म्हणूनच तिला लोकांपुढे आणायचं नाही असं त्यांचं साधं गणित होतं. जिला स्वतःचं नाव सांगायला वेळ लागतो ती पोरांना काय शिकवणार, असं ते घरी म्हणाले होते. तिने त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली, की एकदा नाटकाच्या स्पर्धेला या, मला बघा आणि मग ठरवा. ते हो म्हणाले. हे सगळं तिने मला मधल्या सुट्टीत सांगितलं. सांगायला पूर्ण सुट्टी लागली आणि आमचे डबे तसेच राहिले.

नाटक बाईंनीच लिहिलं होतं. गावातल्या शाळेत एकच मुलगी उरलेली असते. शाळा बंद होते, सामान न्यायला साहेब येतो आणि जाता जाता तिला विचारतो, "तुझं काही म्हणणं आहे का?" ती वर्गाकडे बघते आणि म्हणते, "बाकं तरी राहू द्या." त्यावर पडदा. या वाक्याआधी बाईंना शांतता हवी होती. मनात पाच मोज, मग बोल, असं त्यांनी तिला सांगितलं. ती मनात मोजायची, मी विंगेत बोटांवर मोजायचे, आणि माझा अंगठा मिटला की तिचं वाक्य यायचं. दीड महिना तालमी झाल्या. साहेब झालेला मुलगा रोज विसरायचा आणि मीच विसरल्यासारखा माझ्याकडे डोळे वटारायचा. तिला एकदाही सांगावं लागलं नाही.

आंतरशालेय स्पर्धा शहरातल्या मोठ्या नाट्यगृहात होती. आमचा नंबर सकाळी दहाचा. बाईंनी नटराजाची पूजा केली, सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला, मला शेवटचा मिळाला. माझ्या विंगेत घोषणेचा माईक उभा होता. "सादर करीत आहोत" वगैरे म्हणून बाई पलीकडच्या विंगेत गेल्या. घोषणा झाली की तो माईक बंद करायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेच्या हॉलमध्ये माईकच नव्हते. मीही विचारलं नाही, आणि वही उघडून नेहमीसारखी पडद्याला खेटून उभी राहिले. माईक माझ्या खांद्याशी होता.

घोषणेआधीच मी पडद्याच्या फटीतून पाहिलं होतं. तिचे वडील तिसऱ्या रांगेत होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर मोबाईल. ऐन हंगामात गाडी उभी ठेवून आले होते. मी तिला सांगितलं, आलेत. तिने माझं मनगट धरलं आणि जोरात दाबलं.

नाटक रंगलं. इतकं की दोन वेळा मी वहीतलं पान उलटायला विसरले. साहेबालासुद्धा सगळं आठवलं. फटीतून तिसऱ्या रांगेतला मोबाईल दिसत होता, वडील उभा धरून शूटिंग करत होते.

मग साहेबाने विचारलं, तुझं काही म्हणणं आहे का. ती वर्गाकडे वळली. मी मोजायला लागले. पाच झाले, अंगठा मिटला. वाक्य आलं नाही.

सहा. सात. ती बाकाच्या कडेवरून हात फिरवत होती, हे तालमीत कधीच नव्हतं. मला बाजूने तिची मान दिसत होती आणि मानेवर शीर फुगलेली दिसली. निदान मला तसं वाटलं. त्या पिवळ्या उजेडात खरोखर काय दिसत होतं हे मी आज शपथेवर सांगू शकत नाही. चार वर्षं ती शीर बघून मला बोलायची सवय लागली होती. आठ. नाट्यगृहात कुणी खोकतही नव्हतं. ती शांतता कशाची आहे हे पहिल्या रांगेतल्या पोरांनाही कळलं असेल. मला नाही कळलं.

नवाला मी बोलले. मोठ्याने नाही, शिकवलं होतं तसंच, दोन शब्द.

"बाकं तरी."

माझा आवाज सगळ्या स्पीकरमधून बाहेर आला. निवडीच्या दिवशी जो आवाज फुटला नव्हता तो अख्ख्या नाट्यगृहाने ऐकला. आधी दुसऱ्या शाळेची मुलं हसली, मग बाकीचे.

तिने मान वळवून विंगेत माझ्याकडे पाहिलं. विंगेत बघायचं नाही, हा बाईंचा पहिल्या दिवसाचा नियम. तिने तो एकदाच मोडला. मग ती पुन्हा समोर वळली आणि बोलायला गेली. "बा." थांबली. "बा. बा." डोळे मिटले गेले. या वेळी शीर खरंच फुगली होती, यात शंका नाही. पडदा ओढणाऱ्या मुलाला सांगून ठेवलं होतं की तिचं वाक्य संपल्याशिवाय दोरीला हात लावायचा नाही. तो बिचारा आज्ञाधारकपणे दोरी धरून वाक्याची वाट बघत राहिला. तिसऱ्या रांगेतला मोबाईल खाली गेला. शेवटी पलीकडून बाई धावत आल्या आणि त्यांनी त्याच्या हातातून दोरी घेतली.

नंतर ती मागे, आमच्याच नाटकातल्या एका बाकावर बसली होती. मी म्हणाले, मला वाटलं तू अडकलीस. तिने मान हलवली नाही.

"मला ये... येत होतं," ती म्हणाली. "मी मो... मोजत नव्हते. मला थां... थांबावंसं वाटलं."

हे वाक्य मी पूर्ण केलं नाही. त्यात मोठेपणा नाही, तिला काय म्हणायचंय हे मला पहिल्यांदाच ठाऊक नव्हतं. चौदा वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा ती लोकांसमोर स्वतःच्या मर्जीने गप्प उभी होती. सगळे तिच्यासाठी थांबले होते, वडीलसुद्धा. आणि मला ते नऊपर्यंतही सोसलं नाही.

तेवढ्यात तिचे वडील विचारत विचारत मागे आले. हातात तिची चप्पल होती, कुणीतरी दारात लाथाडलेली त्यांनी उचलून आणली होती. चप्पल तिच्या पायांपाशी ठेवली आणि माझ्याकडे वळले.

"बरं झालं पोरी, तू व्हतीस," ते म्हणाले. "नाय तर आमची तिथंच आडकून बसली असती. लय करती तू तिच्यासाठी."

टोमणा नव्हता तो. त्यांचे डोळे भरले होते. तिने माझ्याकडे पाहिलं. एकच वाक्य लागत होतं. काका, ती अडकली नव्हती, ती बरोबर करत होती, चूक माझी झाली. चार वर्षं जिच्या वतीने बोलत आले तिच्यासाठी बोलायची हीच एक वेळ होती. शब्द सगळे पाठ होते. निवडीच्या दिवशी होते तसेच.

मी मान हलवली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला घेऊन गेले.

बाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. दहावीत मी नाटकाला गेले नाही, तीही नाही. आम्ही एकाच बाकावर बसायचो, पण ती दुकानात चिठ्ठी लिहून न्यायला लागली. दहावीनंतर ती आयटीआयला गेली. मी शिकले, नोकरीला लागले. आता ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी चांगली बोलते म्हणतात. त्याचं मला काडीचं कौतुक नाही.

मागच्या हिवाळ्यात कळलं की तिचं सासर दिंडोरीतच आहे आणि ती घरी ब्लाउज शिवते. कापड घेऊन गेले. कापड निमित्त होतं, मला ते राहिलेलं वाक्य सांगायचं होतं. इतक्या वर्षांनी, पण सांगायचं होतं. ती पुढच्या खोलीत मशीनवर होती, शेजारी सासूबाई मेथी निवडत होत्या. मला बघून ती हसली, नेहमीचं हसली. माप घेऊ लागली. टेपचं टोक माझ्या खांद्यावर धरून तिने विचारायला तोंड उघडलं.

"गळा को... को..."

मी दात आवळले. मनाशी म्हटलं, या वेळी कितीही लागू दे, मी बोलणार नाही. मोजायला लागले. एक, दोन, तीन.

"कोन्ता ठिवायचा, असं इचारती ती," सासूबाई मेथीवरची नजर न काढता म्हणाल्या.

तिने मान हलवली. माझ्यासाठी हलवायची तशीच. मी गोल म्हणाले.