अप्पांचा खडू

अप्पा गेले, त्याच दिवशी मी जिंकले होते.

आज वर्ष झालं. रडगाणं लिहिणार नाही. अप्पांना ते चालायचं नाही.

कराडला आमचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. माझे वडील अप्पा मिस्त्री, मी थोरली मुलगी, अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली. तरी गिऱ्हाईक आलं की विचारणार, "मिस्त्री कुठायत?"

अहो, मग मी काय शोभेला बसलेय?

गेल्या वर्षी डोळे तपासायच्या फिरत्या व्हॅनमध्ये कॉम्प्युटर बसवायचं काम आलं. दुसऱ्या दिवशी व्हॅन पलूस, आष्ट्याकडं निघणार. आणि अप्पा दवाखान्यात. डॉक्टरांनी आशा सोडलेली.

व्हॅनचे मॅनेजर बापूसाहेब म्हणाले, "ताई, राग मानू नका. पण अप्पांनी पास केल्याबिगर मी बसवून घेणार न्हाई. न्हाईतर कोल्हापूरला नेतो."

अप्पांचा नियमच होता. कुठलीही वस्तू आधी टेबलावर चालवायची, मग गाडीत. "टेबलावर मेली तर चालतंय. गाडीत मरता कामा न्हाई."

चालली की तिच्यावर खडूनं 'पास' लिहायचे. त्या खडूला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा.

कॉम्प्युटरला करंट देणारा सप्लाय मी टेबलावर जोडला. अप्पांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"अप्पा, चालू झाला!"

"कशावर?"

"दुकानातल्या लाईटवर. अडॅप्टर लावलाय."

"वैशे, गाडी काय भिंतीत पिन घालून पळती व्हय गं? बॅटरी लाव. आन् स्टार्टर मार."

आमच्या टेबलाला जीपचा जुना स्टार्टर आणि किल्लीचा स्विच आवळलाय, गाडी चालू होताना बॅटरीला बसणारा झटका टेबलावरच कळायला. अप्पांचीच करामत. बॅटरी लावली, बटण दाबलं. स्टार्टर घरघरला आणि स्क्रीन काळी.

बापूसाहेब माझ्याकडं बघतायत. मी घामाघूम.

"वायरला हात लाव," अप्पा.

"गरम हाय."

"बारीक घातलीयास. बदल."

जाड वायर घातली. परत स्टार्टर.

स्क्रीन हललीसुद्धा नाही!

मी ओरडलेच.

"नाचू नगं. आता किल्ली काढ."

ही खरी परीक्षा. गाडीची किल्ली काढली तरी सप्लायनं कॉम्प्युटर नीट बंद होऊ द्यायचा, मगच स्वतः बंद व्हायचं. नाहीतर पेशंटची माहिती उडालीच म्हणून समजा.

किल्ली काढली. फोनमध्ये अप्पांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. स्क्रीन सावकाश बंद झाली. मग सप्लायमधून बारीकसं 'टक्'.

"ऐकलं," अप्पा म्हणाले. "खडू घे. तूच लिही."

आयुष्यात पहिल्यांदा तो खडू धरला, 'पास' पार वाकडं आलं.

बापूसाहेब म्हणाले, "बसवा, मिस्त्री."

मिस्त्री! मला!

संध्याकाळी काम उरकून धावतच दवाखान्यात गेले. "अप्पा, बापूसाहेब मला मिस्त्री म्हणाले."

अप्पा हसले. "मग? दुसरं कोण हाईस तू?"

तासाभरानं अप्पा गेले.

व्हॅन वर्षभर फिरतीय. कॉम्प्युटर एकदाही मधेच बंद पडला नाही. काल सर्व्हिसला आली तेव्हा बघितलं, माझं वाकडं 'पास' अजून तिथंच आहे. लय भारी वाटलं.

अप्पा, डॉक्टरांनी किल्ली कधीच काढली होती. तुमी मात्र सगळं नीट मार्गी लावलंत, मगच गेलात.

ताठ मानेनं आणि भरल्या डोळ्यांनी तुमाला श्रद्धांजली.

दुकानात तुमच्या फोटोखाली आज खडूनं लिहिलंय. या वेळी सरळ आलंय.

पास.