उत्तर अकरा तारखेचं, प्रश्न बाराचा

त्या सकाळी मी तारीख बदलायला विसरलो. नुसता विसरलो नाही, अर्धवट विसरलो. ते जास्त वाईट.

पोस्टात शिक्के दोन. एक आलेल्या टपालावर मारायचा, दुसरा जाणाऱ्या टपालावर. रोज सकाळी चिमट्याने दोन्हींतले आकडे बदलायचे. पहिल्यात मी बारा बसवली आणि तेवढ्यात कुणीतरी टेबलावर सुकेळी आणून ठेवली. वसईची ती वाळवलेली केळी समोर असताना माणूस सरकारी नोकर राहत नाही. दुसऱ्या शिक्क्यात अकराच राहिली. दिवसभराचं टपाल कालच्या तारखेने गेलं. कुणाचं काही बिघडलं नाही, असं मला तीन महिने वाटत होतं.

मी तेव्हा पापडीच्या बाजूला एका छोट्या पोस्टात पोस्टमास्तर होतो. गावाचं नाव सांगत नाही. खात्याची अब्रू आहे. आमच्याकडे परदेशी टपाल यायचं ते मुख्यतः एकाच माणसाला. नारायणदादा. पानवेलींची वाडी, अंगात बंडी, आणि छंद पोस्टाने बुद्धिबळ खेळायचा. एका पत्रावर एकच चाल. चाल आकड्यांत लिहायची, म्हणजे भाषेचा प्रश्न नाही. ५२५४ म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे. शिवाय पत्र कधी मिळालं आणि उत्तर कधी धाडलं, या दोन तारखा लिहायच्या. एक डाव दोन-दोन वर्षं चाले. दादा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटात पहिले होते. आता पुढे अंतिम फेरी.

तर तीन महिन्यांनी दादा एक लिफाफा घेऊन आले.

"मास्तर, वाचा. माझं इंग्रजी कच्चं आहे का साहेबाचं डोकं, कळत नाय."

पत्र स्पर्धेच्या पंचाचं होतं, डेन्मार्कहून. गटातल्या दुसऱ्या नंबरच्या खेळाडूने तक्रार केली होती, की दादांनी हंगेरीच्या एका डॉक्टरशी संगनमत करून डाव जिंकला. म्हणून पंचाने त्या डावाची पत्रं मागवून तपासली. एका पत्रावर दादांनी लिहिलं होतं, तुमची चाल बाराला मिळाली, उत्तर बाराला धाडलं. वर पोस्टाचा शिक्का अकराचा. चाल हातात पडायच्या आधीच उत्तर? म्हणजे डाव आधीच ठरलेला. खुलासा करा, नाहीतर दोघेही बाद.

बारा तारीख, सुकेळी, सगळं आठवलं.

"दादा, चूक माझी आहे."

दादांनी पत्राची घडी करून ते लिफाफ्यात घातलं. "हरलो असतो तं चाललं असतं, मास्तर. पन चोर म्हनतात ते नाय चालत. आणि तो डॉक्टर म्हातारा माणूस. त्याने काय केलं?"

मी माणिकपूरला आमच्या इन्स्पेक्टरसाहेबांकडे गेलो.

"खेळाच्या पत्रासाठी तुम्ही स्वतःविरुद्ध लेखी देणार?" साहेब म्हणाले. "मेमो मिळेल. कदाचित इन्क्रिमेंट जाईल."

"हो साहेब."

"आणि नुसतं तुमच्या म्हणण्यावर तिकडे कोण विश्वास ठेवणार? मित्राला वाचवायला खोटं लिहिलं म्हणतील. पुरावा काय?"

पुरावा होता. रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी दोन्ही शिक्के एका वहीत उमटवून तारीख बरोबर असल्याची सही करायची असते. मी सोबत नेलेली ती वही उघडली. बारा तारखेचं पान. डावीकडे बारा, उजवीकडे अकरा, आणि खाली 'तपासले' लिहून माझी झोकदार सही.

साहेब चष्मा काढून हसले. "अहो, इतका भक्कम पुरावा खुनाच्या खटल्यातही मिळत नाही."

मग त्यांनी मनावर घेतलं. वहीच्या पानाची प्रत साक्षांकित केली. मुंबईच्या परदेशी टपाल कार्यालयाने दाखला दिला, की आमच्या पोस्टाची टपालाची पिशवी बाराचीच. सगळं डेन्मार्कला गेलं. पंचाने हंगेरीच्या पोस्टाला लिहिलं. तिथल्या पोस्टमास्तरनेही डॉक्टरांचं पत्र कधी निघालं ते सहीशिक्क्यासह कळवलं. आम्ही कधी भेटलो नाही, पण त्याची सही माझ्यासारखीच झोकदार होती. सगळ्या तारखा जुळल्या.

आता पंचही इरेला पेटला. त्याने गटातल्या प्रत्येकाला फर्मावलं, सगळ्या डावांची पत्रं पाठवा. दादांनी खोकं भरून पाठवली. तक्रार करणाऱ्याचा एक डाव त्याच्या शेजारच्या देशातल्या खेळाडूशी होता. त्या डावाचं दोघांकडे मिळून एकही पत्र नाही! एक म्हणे, घरात पाणी शिरलं. दुसरा म्हणे, कुत्र्याने खाल्ली. पंचाने त्या दोन्ही देशांच्या संघटनांना चौकशी करायला लावली, तेव्हा दोघांनी कबूल केलं. डाव खेळलाच नव्हता, निकाल ठरवून कळवला होता. दोघेही कायमचे बाद. दादा अंतिम फेरीत.

हंगेरीच्या डॉक्टरांचं अभिनंदनाचं पत्र मी स्वतः सायकलवरून दादांच्या वाडीत नेऊन दिलं. दादांनी मला विड्याच्या पानांची अख्खी कवळी, म्हणजे मोठी जुडीच, दिली आणि सबंध आळीला ओरडून सांगितलं, "आपल्या मास्तरांनी चोर पकडले!"

मला मेमो मिळाला. इन्क्रिमेंट वाचलं. धडा एवढाच, की चूक झालीच तर वहीत नीट दिसेल अशी व्हावी.

घरी आल्यावर बायकोला सगळं रंगवून सांगितलं. पाच देश, तीन पोस्टं, मी कशी धडाडीने चूक कबूल केली ते. ती भाकरी थापत शांतपणे ऐकत होती.

"छान केलंत," ती म्हणाली. "म्हणजे डेन्मार्कहून पत्र आलं की तुम्ही चूक कबूल करता. तिथला पत्ता जरा लिहून द्या मला."