शटर जड झालं, की मी?

आमच्या घराला रस्त्याच्या बाजूने शटर आहे. माणसांनी यायचं-जायचं ते बोळातल्या दाराने. झाशीत खंडेराव गेटच्या आसपास ज्याने ज्याने घर बांधलं, त्याने पुढची खोली दुकानासाठी सोडली आणि तिला शटर ठोकलं. आमच्या ह्यांनीही ठोकलं. "पुढेमागे दुकान काढता येईल," म्हणाले. जन्मभर रेल्वेत नोकरी केलेला माणूस. गिऱ्हाईक समोर आलं असतं तर त्याला आधी अर्ज लिहून आणायला सांगितलं असतं. दुकान निघालं नाही. त्या खोलीत माझी स्कूटर आणि ह्यांची सायकल राहायला आली.

स्कूटर मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकले, रेल्वेच्या मैदानावर. हे मागून स्टेपनी धरून पळत होते आणि सूचना देत होते. सूचना इतक्या होत्या की त्यांच्यापासून लांब जाण्यासाठीच मी वेग घेतला आणि शिकले. तेव्हापासून आठवड्यातून तीन दुपारी मी लक्ष्मी गेटला जात असे. तिथल्या चार-पाच मराठी घरांतली मुलं जमवून त्यांना मराठी वाचायला शिकवायचं, असा माझा उद्योग होता. मुलं गुणी होती. मी मराठीत विचारायची, ती हिंदीत उत्तर द्यायची. "आजी, समझ में तो सब आता है," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तरी त्या तीन दुपारी माझ्या होत्या. कोणाला विचारून जायचं नाही, कोणी सोडायला यायचं नाही. लग्नानंतर एवढी एकच गोष्ट मी कोणाच्या मागे न बसता केली.

मग शटर जड झालं. एका दिवसात नाही. आधी एका हाताने वर जायचं, मग दोन हात लागायला लागले, मग दोन हात आणि गुडघा. मी ह्यांना सांगितलं.

आता हे सांगितलं पाहिजे की आमच्या ह्यांची सगळी नोकरी स्प्रिंगांवर गेली. डब्याखाली वाकायचं, स्प्रिंगवर हातोडी मारायची, आवाज ऐकायचा आणि डब्यावर खडूने खूण करायची. हजारो डबे त्यांनी पास केले. त्यामुळे घरच्या शटरसाठी बाहेरचा मिस्त्री बोलावणं म्हणजे आचाऱ्याने खानावळीतून डबा मागवणं. त्यांनी हातोडी आणली. शटरवर चार ठिकाणी मारली. गल्लीतली कुत्री भुंकली. ह्यांनी कान लावून ऐकलं आणि कोपऱ्यात खडूने बरोबरची खूण केली.

"काही झालेलं नाही," म्हणाले.

"अहो, पण जड लागतंय."

"शटर तेवढंच आहे. वय वाढलं तुझं."

एवढं बोलून ते चहाला बसले. निदान पाच मिनिटांत झालं होतं, आणि दोष कुठे आहे तेही सापडलं होतं. दोष माझ्यात होता.

तरी कर्तव्य म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंच्या पन्हळीत, ज्यातून शटर वर-खाली सरकतं तिथे, भरपूर ग्रीस भरलं. दोन दिवस बरं वाटलं. मग झाशीचा उन्हाळा सुरू झाला, लू म्हणतात तो गरम वारा वाहायला लागला, आणि गल्लीतली सगळी धूळ त्या ग्रीसला येऊन चिकटली. शटर अजूनच अडायला लागलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा हातोडी मारली, पुन्हा खूण केली. वर्षभरात कोपऱ्यात सात-आठ खुणा जमल्या. एवढा तंदुरुस्त दरवाजा अख्ख्या झाशीत नसेल.

माणसाला रोज एकच गोष्ट सांगितली की ती त्याला पटते. मलाही पटली. मी दंडाला तेल चोळायला लागले. रात्री बदाम भिजत घालायला लागले. पाण्याने भरलेले तांबे हातात घेऊन सकाळी हात वर-खाली करायला लागले. कामवाली मला पाहून तोंडाला पदर लावायची. शटर उचलायच्या वेळी दम लागला की मी मनातल्या मनात वर्षं मोजायची. भाजीवाला समोरून गेला तर त्याला हाक मारायची, "भैया, ज़रा हाथ लगा दो." तो लावायचा, आणि मला शरम वाटायची. त्याच्यापुढे नाही, माझ्यापुढेच.

एका दुपारी शटर कसंबसं वर केलं आणि स्कूटर मागे घेत बाहेर काढत होते. पुढचं चाक अजून आत होतं. शटर धाडकन खाली आलं आणि स्कूटरच्या हँडलवर आदळलं. माझे हात त्याच हँडलवर होते, आदळलं तिथून वीतभर अंतरावर. मी रस्त्यातच खाली बसले. हे आतून धावत आले, त्यांनी शटर उचलायला हात घातला, आणि मग समोरच्या दुकानदाराला बोलावलं. दोघांनी मिळून ते उचललं. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. मी माझी बोटं मोजत होते.

"आता पुरे," हे म्हणाले. "या वयात हे सगळं हवंय कशाला? मी सोडीन तुला रिक्षाने."

मी हो म्हटलं. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या मूर्खपणाच्या 'हो'मध्ये याचा नंबर पहिला. पलीकडच्या गल्लीत एक शिक्षिका राहते, रोज सकाळी गरौठा गावातल्या शाळेला जाणारी बस पकडायला स्टँडपर्यंत धावत जाते. स्कूटर तिने विकत घेतली. तिने पेढे दिले, ते मी कामवालीला देऊन टाकले. रिक्षाने जाण्याचं आठ दिवस चाललं. ह्यांना कधी झोप यायची, कधी ऊन लागायचं. मग मुलांच्या आयांनी गणिताची शिकवणी लावली आणि लक्ष्मी गेटच्या माझ्या दुपारी संपल्या. कोणी भांडलं नाही, कोणी रडलं नाही. वय झालेल्या बाईचं असंच व्हायचं असतं, असं सगळ्यांनी मान्य केलं. सगळ्यांत आधी मी.

खोली रिकामी झाली तेव्हा ती भाड्याने द्यावी असं ठरलं. वह्या-पेनांचं दुकान काढायचं म्हणून एक गृहस्थ बघायला आले. तिशीचे असतील, अंगाने भरलेले. त्यांनी शटरला हात घातला, अर्ध्यापर्यंत नेलं, सोडून दिलं आणि हात झटकले.

"बाबूजी, पहले इसकी स्प्रिंग बदलवाइए. ये तो पहलवान से भी न उठे."

ह्यांनी मान डोलावली. "हाँ हाँ, कल ही." दोन वर्षं मी सांगत होते तेव्हा माझं वय झालं होतं. परक्या पुरुषाने एक मिनिट हात लावला आणि स्प्रिंग झिजली. विद्या ही अशी असते, योग्य माणसाने विचारलं की लगेच उगवते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. गावाकडचा, बुंदेली बोलणारा, एकटाच. शिडीवर चढून त्याने वरचं पत्र्याचं खोकं उघडलं. आत एक जाड नळा होता, आणि त्याच्या दोन टोकांना दोन गोल डबे. स्प्रिंग त्यांत असते, किल्लीच्या घड्याळातल्यासारखी गुंडाळलेली. खालून शटरवर हातोडी मारून तिचा आवाज कसा येणार होता, देव जाणे. एका डब्यातली तुटून पडली होती. दुसरीत नावापुरता जीव होता.

"अम्मा जी, जे तो कब की मर गई," तो वरून म्हणाला. "आप अकेली उठात रईं?"

एकटीच उचलत होते, मी मान हलवून सांगितलं. 

त्याने दोन्ही नव्या बसवल्या. एकच बदलली तर नवीवर सगळा भार येतो आणि तीही लवकर जाते, म्हणाला. मग नळा फिरवून पीळ भरताना आम्हाला लांब उभं केलं. स्प्रिंग सुटली तर हाडं मोडते. पन्हळीतलं ह्यांचं ग्रीस त्याने रॉकेलने पुसून काढलं आणि विचारलं, हे कोणत्या शहाण्याने भरलं? शहाणे अंगणाकडे बघत होते. शेवटी त्याने शटर अर्ध्यावर आणून सोडून दिलं. ते तिथेच थांबलं. "आधे में रुक जाए तो स्प्रिंग ठीक. गिर जाए तो खराब. बस, इत्तो देखने." एवढंच. हे मी रोज बघत होते. माझं शटर अर्ध्यावर कधीच थांबत नव्हतं, आणि तांबे उचलत मी होते.

मिस्त्री गेल्यावर मी एका हाताने शटर वर केलं. ते वर गेलं, मला खांदासुद्धा लावावा लागला नाही. मग ह्यांनी केलं. एकदा, दोनदा, चारदा. त्यांचा चेहरा असा झाला की मला कळेना, हा माणूस हसतोय की काय.

"दोन दिवाळ्यांपासून मलाही उचलवत नव्हतं," ते हळूच म्हणाले. "म्हणून सायकल अंगणात ठेवायला लागलो. मला वाटलं, माझे हात गेले."

"आणि मला सांगितलंत वय माझं झालंय?"

"तुझं म्हटलं की माझं म्हणावं लागत नव्हतं."

मला भयंकर राग आला. दोन वर्षं एका घरात दोन माणसं आपापले दंड चाचपत बसली, आणि त्यातल्या एकाने स्वतःची भीती उचलून दुसऱ्याच्या अंगावर ठेवली. त्यांना आज त्यांचे हात परत मिळाले होते. त्या आनंदात ते म्हणाले, "तू घे ना परत स्कूटर. खोली नाही दिली तरी चालेल. नवी घेऊ."

"नको," मी म्हणाले. "वय झालंय माझं."

टोमणा म्हणूनच तोंडातून निघालं. ह्यांनी मान खाली घातली, म्हणजे तो नेमका लागला होता. पुढचं काहीतरी बोचरं बोलायला मी तोंड उघडलं, आणि तेव्हा लक्षात आलं, की तो टोमणा नव्हता. नवी स्कूटर, हँडल, रस्ता, सगळं मी मनात आणून पाहिलं, आणि मला भीती वाटली.