रोवण्यातला फोन

मी चौथी शिकलो. पण घरात कोणाचं लग्न असो की म्हशीचा सौदा, शेवटचा शब्द माझाच. मुलगी पीएचडी झाली तरी त्यात काही बदललं नाही. राईस मिलवाले धानाच्या तुसाची राख रस्त्याच्या कडेला फेकून देतात. तिच्यातून बॅटरीसाठी लागणारा माल काढायचा, हे मुलीचं संशोधन. तेच पुढं करायला तिनं दूरच्या एका विद्यापीठात पोस्टडॉकचा अर्ज केला होता. म्हणजे पीएचडीनंतरचं दोन वर्षांचं काम. जागा एकच होती. त्या जागेसाठी तिनं हातची नोकरी नाकारली होती.

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू होता. बाया कमी आल्या म्हणून तीच चिखलात उतरली. मोबाईल पिशवीत गुंडाळून माझ्याजवळ दिला.

"बाबा, फोन आला की मले हाक मारजा."

फोन आला तेव्हा ती चार बांध्या पलीकडं वाकून होती. मी हाक मारली नाही.

"त्यांची निवड झाली आहे," विद्यापीठातून एक बाई बोलत होत्या. "सोमवारी रुजू होतील का? आजच कळवायचं आहे."

"मी तिचा बाप बोलून राहिलो. रोवणा झाल्याबिगर आमच्या घरचं माणूस कुठं जात नाही. पंधरा दिवसांनी पाहू."

"नक्की?"

"माझा शब्द एकच असते."

आमच्याकडं सोयरीक घेऊन आलेला पाहुणाही एवढं ऐकून मुकाट परत जातो, अन् रोवणा आटोपला की पुन्हा येतो. मला वाटलं, विद्यापीठही येईल.

संध्याकाळी मी ऐटीत सांगितलं. तिनं लगेच फोन लावला. यादीतल्या पुढच्या मुलीला जागा देऊन झाली होती.

"मले हाक काऊन नाही मारली?"

"काम खोळंबलं असतं."

"बाबा, तिकडं रोवणा नसते."

बस, एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात उतरली. पुढच्या जाहिरातीत तिचं वय बसलं नाही. आता कॉलेजात तासांवर शिकवते. भांडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्यासमोर बसून जेवते, अन् मला मात्र ती तिकडंच दिसते. काचेच्या भांड्यांपुढं, पाठमोरी.

शेवटी कोणाला न सांगता मी त्या विद्यापीठात गेलो. जन्मात कोणाची माफी मागितली नाही. पण त्या बाईंना सांगायचं होतं, चूक माझी, पोरीची नाही. विचारत विचारत त्यांच्या प्रयोगशाळेची खोली सापडली. आत एक मुलगी पाठमोरी बसली होती. माझे पाय दारातच थांबले.

ती वळली. माझी नव्हती.

"काका, कोणाला भेटायचंय?"

माफीचे शब्द गाडीत बसून घोकले होते. तोंडातून निघालं ते वेगळंच. "माझी पोरगी इथं काम करते."

तिनं नाव विचारलं. मी सांगितलं. भिंतीवरच्या यादीवरून तिनं वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"नाही हो काका. या नावाचं इथं कोणी नाही."

"असंल," मी म्हटलं. "पुन्हा एकदा पाहा."