दत्ताची हिरवी फांदी

माझा नवरा दत्तप्रसाद इथे परदेशात, आमच्या गुंगालिन उपनगरातल्या मराठी लोकांचा कोरलगुरू आहे. ही पदवी त्याने स्वतःच घेतली, पण कुणी हरकतही घेतली नाही. कुणाच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, कोमेजलं की फोन आमच्याकडे. मग हा ऑफिसचा कॉल सोडून प्रवचन झोडणार: "नवीन तुकडा आधी औषधाच्या पाण्यात बुडवायचा. मग वेगळ्या टाकीत ठेवून बघायचा. देव जरी तुकडा घेऊन आला तरी!"

स्वरदा त्याची पट्टशिष्या. तिने इथल्या जानेवारीच्या उन्हाळ्यात तिच्याकडचं गुलाबी मऊ कोरल आम्हाला डब्यात घालून पाठवलं. पुढच्या रविवारी ती डबा न्यायला आली. गाडी चालूच, मुलगी लीना मागच्या सीटवर, स्विमिंगला उशीर झालेला. आणि दत्ताला आईची शिकवण आठवली, की आलेला डबा रिकामा परत द्यायचा नाही. पुण्यात आपण साखर तरी घालतो. याने काय करावं? त्याच्या लाडक्या हिरव्या अॅक्रोपोराची, म्हणजे झुडपासारख्या कोरलची, फांदी कटरने कापली, बुडाला गोंदाचा थेंब लावला आणि चिनीमातीच्या गोल चकतीवर बसवली. कोरल तसंच लावतात, महिन्याभरात ते चकतीवर पसरतं.

गोंद दाबताना त्याला बुडाशी फिकट टिपके दिसले. चावल्यासारखे. त्या टिपक्यांचा अर्थ त्याला ठाऊक होता. कोरल खाणारा चपटा किडा असे टिपके ठेवतो, आणि तो कोरलच्याच रंगाचा असल्यामुळे सहसा दिसत नाही. पण गुरूच्या टँकमध्ये किडा? दारात स्वरदाने विचारलं, "औषधातून काढलंस ना? की मी काढू?"

"काढलंय गं. सरळ टाक."

मी तेव्हा आत पोळ्या लाटत होते. हे सगळं त्याने मला फार नंतर सांगितलं.

स्वरदाची कोरलं बुडापासून पांढरी पडत गेली. तिने रडवेल्या आवाजात फोन केला तेव्हा दत्ता घरात आपली कोरलं एकेक करून औषधात बुडवत होता, म्हणजे त्याला पक्कं कळलं होतं. तरी तोंडातून निघालं काय? "काहीतरी केमिकल गेलं असेल. कुणी सनस्क्रीनचा हात घातला होता का?"

घातला होता. लीनाने, मासा कुरवाळायला. सात वर्षांची पोर, तिने लगेच कबूलही केलं.

आमची कोरलं वाचली. स्वरदाचा टँक रिकामा झाला. दत्ताने जेवताना टँकविषयी बोलणं बंद केलं, फोन आला की "मीटिंगमध्ये आहे" म्हणू लागला. मला वाटलं, कामाचा ताण. त्याला विचारलं तर खेकसला. मीही मग एक-दोनदा सुनावलं त्याला, पण चोराच्या मनातलं चांदणं मला कुठून दिसणार?

इस्टरच्या सुट्टीत मी स्वरदा आणि लीनाला जेवायला बोलावलं. मसालेभात होता. लीना आमच्या टँकसमोर जाऊन उभी राहिली, नेहमीपेक्षा चार पावलं लांब, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. दत्ताने खाण्याची चिमूट पुढे केली. "ये, तू घाल माशांना."

"नो थँक यू, काका. माय हँड्स आर बॅड फॉर देम."

दत्ताच्या बोटांतून ते खाणं जमिनीवर सांडलं. स्वरदा सोफ्यावरून हळूच म्हणाली, "अशीच करते हल्ली. घरी मांजरालाही हात लावत नाही."

मग तो खाली बसला, तिच्याइतका बुटका होऊन, आणि सगळं बोलला. फांदी, टिपके, "सरळ टाक", सनस्क्रीन. आधी इंग्रजीत लीनाला, मग मराठीत स्वरदाला. मी डाव हातात धरून ऐकत होते. माझ्या नवऱ्याने आपली गुरुगिरी शाबूत ठेवायला एका लेकराच्या माथी पाप मारलं होतं, आणि मी त्याच माणसाच्या हुशारीच्या गोष्टी पॉटलकच्या जेवणांत सांगत फिरत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सो इट वॉझन्ट मी?" लीनाने विचारलं.

"नाही बाळा. तू काहीच केलं नाहीस."

ती आईकडे वळली. "मम, इट वॉझन्ट मी!" तिचा आवाज इतका आनंदाचा होता की ऐकवेना.

स्वरदा रागावेल असं मला वाटलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने लीनाला जवळ घेतलं आणि ती दत्ताला म्हणाली, "कोरलं गेली त्याचं काही नाही रे. मी हिला त्या टँकसमोर उभी करून सॉरी म्हणायला लावलं. ही प्रत्येक मेलेल्या कोरलला वेगळं वेगळं सॉरी म्हणाली."