मागं गेलं की किलोमीटर कमी होतात का?

"मागं गेलं की किलोमीटर कमी होतेत," अप्पा म्हणाले.

"न्हाई होत," मी म्हणाले.

औरादच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते, आणि माझी नवी गाडी दारात येऊन जेमतेम आठवडा झाला होता. अप्पा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी सरकारी जीप चालवायचे. वाद जेवताना सुरू झाला आणि धुतलेले हात वाळायच्या आत आम्ही तिघं गाडीत होतो. तिसरी माझी अक्का, भालकीहून माहेरी आलेली.

गावाबाहेर शेतांतून एक सरळ रस्ता जातो. दुपारी तिथं चिटपाखरू नसतं. मी ट्रिपचा आकडा शून्यावर आणला आणि रिव्हर्स टाकला. मीटर वाचायला अक्का शेजारी. अप्पा मागच्या सीटवर गुडघे टेकून, काचेला नाक लावून रस्ता दाखवायला.

"डावीकडं घे! अगं, माझ्या डावीकडं!"

"तुमची डावी कोणती, अप्पा?"

गाडी वळवळत मागं निघाली.

"चौदा!" अक्का ओरडली. "काटा चौदावर हाय! आपण मागं जायलोय अन् ह्याला वाटायलंय पुढं जायलोय!" आणि ती हसायला लागली. अक्का हसली की आवाज येत नाही, नुसती हलते.

एवढ्यात समोरच्या काचेत एक मोटरसायकल आली. मागं कडब्याची पेंढी बांधलेला एक शेतकरी, त्याची मुलगी माझ्याच वर्गात. तो सरळ चाललेला, मी उलटी, दोघं एकाच दिशेनं, तोंडाला तोंड! मी ओशाळून नमस्कार केला. त्यानं बाजूला येऊन विचारलं, "मॅडम, कामून असं? गेर अडकलाय का?"

"न्हाई हो, प्रयोग करायलोय!"

"शून्य पॉइंट एक!" अक्का किंचाळली. "वाढलं, अप्पा, वाढलं!"

मी हॉर्न वाजवत गाडी थांबवली. अप्पा खाली उतरले. "गाडीच खोटारडी हाय तुझी."

शेतकऱ्यानं सगळी हकीकत ऐकून घेतली. मग म्हणाला, "आमच्या शेतात जुनी जीप हाय. ढकललं की चालू होती."

आम्ही ढकलली. अप्पा स्टिअरिंगवर. ती खोकत सुरू झाली, कोंबड्या चौफेर पळाल्या, आणि अप्पा खळ्याभोवती उलटे फिरू लागले. मी पायरीवर लटकून मीटर बघत होते. काटा शून्याच्या खिळ्याला टेकून थरथरत होता, आणि आकड्यांचं शेवटचं चाक हळूच सातावरून सहावर आलं.

"फिरलं! अप्पा, कमी झालं!" हरले होते मी, पण सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडत होते.

"बघ! मी काय सांगायलतो?"

जुन्या जीपमध्ये केबल उलटी फिरली की आकडेही उलटे फिरतात. नवी गाडी चाकाचे फेरे नुसती मोजते, ते कुठल्या दिशेला हे विचारत नाही. दोघंही बरोबर होतो, हे मी ओरडून सांगितलं. इंजिनच्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नाही.

"साकू, अप्पा, साकू! बस झालं! डिझेल संपंल!" शेतकरी हात हलवत मागं धावत होता.

"पाच होऊ दे की!" अप्पा थांबेनात. शेवटी अक्का पळत येऊन दुसऱ्या बाजूनं चढली, मी आत शिरले, आणि तिसऱ्या फेऱ्याला तो शेतकरीही उडी मारून बसला.