डावरी आत्या आणि तिचे टाके

आत्याला कुणी डावरी म्हटलं तर ती रागावत नसे. पण ‘सवय सुटेल हळूहळू’ असं कुणी समजुतीनं म्हटलं, की भडकायची. “सुटाक ता काय दारवेचा व्यसन आसा?”

पार्से गावात, लहानपणी, ती शेजारच्या बाईंकडे लोकरीचं विणकाम शिकायला गेली. बाईंनी डाव्या हातावर पट्टी मारली. तिसऱ्या दिवशी तो हात रिबिनीनं खुर्चीला बांधला. चौथ्या दिवशी आत्या गेलीच नाही. घरी बसून तिनं माझ्या वडिलांची टोपी एकेक टाका पाहत उसवली आणि पुन्हा विणली. आजीचा मार खाल्ला तो वेगळाच. सुरुवातीला तिचे टाके पिळवटायचे. तिच्या हातून लोकर सुईवर उलट बाजूनं पडते, हे तिचं तिलाच उमगलं. मग ती टाक्याच्या मागच्या अंगानं सुई घालू लागली. ओळ संपली की बाकीच्या बायका विणकाम उलटवून धरतात. आत्या उलटवत नसे. डावीकडून उजवीकडे जायची, तशीच विणत परत यायची.

लग्न होऊन मयेला आल्यावर ती डिचोलीतल्या एका वर्गात विणकाम शिकवू लागली. तिथं रेश्मा नावाची पहिलटकरीण यायची. तीही डावखुरी. बाळाची टोपी जमेना म्हणून रडायची. आत्यानं तिला आपली पद्धत दाखवली. वर्गाच्या संचालिका सगळ्यांसमोर म्हणाल्या, “असलं वाकडं शिकवून हात बिघडवू नका. उजव्या हातानं शिकवायचं असेल तरच या.”

“हात माझो, सुयो माझ्यो. तुमका कित्याक दुखता?” आत्यानं लोकरीची पिशवी उचलली. “चल गो रेश्मा.” बाळाची टोपी आत्याच्या ओसरीवर पुरी झाली. पुढे तिथं आणखी चारजणी शिकल्या, सगळ्या डावखुऱ्या.

गेल्या वर्षी आत्या वारली. त्याच वर्गानं शोकसभा ठेवली आणि तिच्या हातच्या टोप्या, मोजे मांडायला आमच्या घरून मागून नेले. संचालिका माईकवर म्हणाल्या, “न उलटवता विणण्याची ही पद्धत आमच्या वर्गाची देणगी. त्यांना आम्ही घडवलं.”

माझं डोकं सणकलं. मी उठेपर्यंत रेश्मा उभी राहिली होती. “बाई, ह्याच खोलीतून तुमी तिका भायर काढलात. माका सातवो म्हयनो होतो. सगळा आठवता.”

“आज हे बोलायची वेळ नाही,” संचालिका म्हणाल्या.

“मग कधी?” मी विचारलं.

आम्ही दोघींनी टेबलावरच्या टोप्या आणि मोजे एकेक करून, सावकाश गोळा केले. कुणी अडवलं नाही.